एका आकड्याची साक्ष

मुलांनो, लग्नसमारंभातील ऑर्केस्ट्रात किंवा टीव्हीवर तुम्ही इलेक्ट्रिक गिटार पाहिली असेल. साध्या गिटारीचे पोट पोकळ असते, म्हणून तिचा आवाज घुमतो. इलेक्ट्रिक गिटार मात्र बहुधा भरीव लाकडाची असते. मग तिचा आवाज येतो कोठून? तिच्या तारांखाली लहान पट्ट्यांसारखे भाग बसवलेले असतात. त्यांना पिकअप म्हणतात. पिकअपमध्ये चुंबक असतो आणि त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली, की या वेढ्यांत अगदी थोडी वीज निर्माण होते. तीच ॲम्प्लिफायरकडे जाते आणि आपल्याला सूर ऐकू येतो.

ही तांब्याची तार किती बारीक असते, सांगू? तिची जाडी मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढी असते. एका पिकअपमधील तार सरळ केली, तर ती एक किलोमीटरहून लांब भरेल. एवढ्या लांब तारेत एके ठिकाणी जरी तुकडा पडला, तरी पिकअप मुका होतो. तुटलेली जागा सहसा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तारेचा विद्युत रोध मोजावा लागतो.

महाडला माझे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी शहरात शिरले. पूर ओसरल्यावर घराघरांतून चिखलाने माखलेले सामान रस्त्यावर आले. त्या दिवसांत पोलादपूरचा एक मुलगा माझ्याकडे आला. महाडला मामाच्या घरी ठेवलेली त्याची गिटार पाण्यात सापडली होती. दोन वर्षे सुट्टीत काम करून त्याने ती घेतली होती.

"चाचा, सगळे म्हणतात, भंगारात देऊन टाक. तुम्ही काय म्हणता?" त्याने विचारले.

"बेटा, मी काहीच म्हणत नाही. आधी मीटरला विचारू," मी म्हणालो.

आम्ही गिटार उघडून स्वच्छ केली आणि बरेच दिवस सावलीत सुकू दिली. मग प्रत्येक पिकअपची तार इतर भागांपासून सोडवली. नाहीतर आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाचा रोधही मोजणीत मिसळतो. डिजिटल मीटर वीस किलोओहमवर ठेवला आणि त्याच्या दोन पिना तारेच्या दोन टोकांना लावल्या. पहिला आकडा आला ५.९, दुसरा ६.१. म्हणजे रोध सुमारे सहा हजार ओहम होता. तार शाबूत होती. तिसऱ्या पिकअपला मात्र डाव्या कडेला नुसता १ दिसला. रोध मीटरच्या आवाक्याबाहेर होता. विजेची वाट कोठेतरी तुटली होती.

भिंगातून पाहिले, तर तारेचे बाहेरचे टोक हिरवट गंजाने सुटले होते. मी एक वेढा उलगडला, टोकावरचा लेप खरवडला आणि ते सोल्डरने जोडले. आता आकडा आला ६.०.

"चाचा, आता आवाज चांगला येईल ना?"

"तार जुळली, एवढेच हा आकडा सांगतो. आवाजाचे कानांना विचारू."

गिटार ॲम्प्लिफायरला जोडली. मुलाने तार छेडली आणि सूर निघाला. त्याचे डोळे भरून आले.

मुलांनो, रोध जास्त म्हणजे आवाज चांगला, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. अधिक बारीक तार घेतली तरी रोध वाढतो. तापमान पंधरा अंशांनी वाढले, तर तांब्याचा रोध सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो. म्हणून डिसेंबरच्या पहाटे आणि मे महिन्याच्या दुपारी एकाच पिकअपचे वेगवेगळे आकडे येतात. चुंबक किती जोरदार आहे, हे तर हा आकडा सांगतच नाही.

ज्यांच्या नावाने आपण रोध मोजतो, ते जॉर्ज ओहम कुलपे बनवणाऱ्या कारागिराचे पुत्र होते. ते शाळेत शिकवत. तारांवर प्रयोग करून त्यांनी शोधलेला नियम १८२७ मध्ये पुस्तकरूपाने जगापुढे आला.

तुमच्याही हाती कधी मीटर येईल. विजेला जोडलेल्या वस्तूचा रोध मात्र कधीही मोजू नका. आणि कोणी एखाद्या वस्तूला निकामी म्हटले, तर लगेच मान डोलावू नका. आधी मोजा. मोजल्यावर आकडा जेवढे सांगतो, तेवढेच त्याच्याकडून ऐका.