रंधा

घर सोडताना पुस्तकांना कुणी ना कुणी वाली मिळतो. हत्यारांना सहसा मिळत नाही. वडिलांचा पेशा कारकुनाचा, छंद सुतारकामाचा. पुणे सोडण्यापूर्वी त्यांचा रंधा, पटाश्या, करवती, गिरमिट आणि गुण्या (काटकोन तपासण्याचा, गुण्यागोविंदाने नांदण्याशी त्याचा संबंध नाही) विकणे मला भाग होते.

जुन्या बाजारातल्या विक्रेत्याने वजनावर भाव सांगितला. लोखंड किलोने, लाकूड हिशेबाबाहेर. रंध्याचे पाते लोखंडाचे खरे. पण ते केसभर किती पुढे काढायचे, पाचर किती ठोकायची, हे ठरते शिसवी ठोकळ्यात. त्या ठोकळ्याची पाठ वडिलांच्या तळहाताने चाळीस वर्षे घासली होती. मी सारे घेऊन परत आलो.

अखेर शेजारच्या घरी फर्निचरचे काम करणारा राजस्थानी तरुण आला. त्याच्यापाशी विजेवर चालणारे यंत्र होते. तरी त्याने प्रथम उचलला तो हाच ठोकळा, आणि म्हणाला, "रंदा!" आपण ज्याला ठेठ मराठी समजतो तो शब्द मुळात फारसी, त्याच्या तोंडी तो मूळ रूपाच्या अधिक जवळ होता. घेणाऱ्याला वस्तूचे नाव आधीच ठाऊक आहे याचे समाधान वाटले, आणि थोडा मत्सरही.

त्याने नखावर धार पाहिली, पाचर सैल केली, पाते उजेडात धरून न्याहाळले. सगळ्याचे मिळून सहाशे रुपये ठरले. गुण्या मात्र त्याने परत दिला.

"हा आहे माझ्याकडे, काका."