‘ध’चा ‘मा’

आमचे अप्पा, म्हणजे माझे थोरले काका, एस.टी.त कंडक्टर होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत कितीदा मार्ग तपासणी झाली, पण त्यांच्या वेबिलात एका पैशाचा फरक निघाला नाही. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, साऱ्यांचा हिशेब एका लांबट वहीत. २०१६ साली त्यांना रक्ताचा कर्करोग झाला आणि त्या वहीत आणखी एक रकाना वाढला : ‘गोळी’. रोज रात्री जेवण झाले की पेलाभर पाण्याबरोबर इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी घ्यायची आणि रकान्यात खूण करायची.

रोगाचे नाव ऐकून काकूने देव पाण्यात घातले होते. पण काही महिन्यांतच अप्पा पिशवी घेऊन मंडईत जाऊ लागले. गोळीची आम्हाला इतकी सवय झाली, की रोगाची आठवणही उरली नाही. आणि सात वर्षांनी त्यांच्या पांढऱ्या पेशी पुन्हा वाढू लागल्या.

“गोळी चुकली होती का?” डॉक्टरांनी विचारले. त्यांना विचारणे भागच होते. गोळ्या चुकल्या तर औषध कमी पडते. पण त्यांचा प्रश्न आमच्या घरात येताच आरोप झाला, आणि आरोप करणाऱ्यांत सर्वांत पुढे मी होते. “बार्शीच्या लग्नात यांचं पाकीट दोन दिवस पिशवीतच होतं, मी पाहिलंय,” मी काकूला सांगितले. अप्पांनी मुकाट्याने वही पुढे केली. मी म्हणाले, “खुणा काय, नंतरही करता येतात.”

अप्पांनी वही मिटली. त्यानंतर या विषयावर त्यांनी चकार शब्द काढला नाही. जन्मभर चोख हिशेब देणाऱ्या माणसाला मी खोटे वेबिल भरणारा ठरवले होते, हे तेव्हा माझ्या लक्षातही आले नाही.

महिन्याभराने मुंबईहून तपासणीचा कागद आला. त्यावर ‘टी-३१५-आय’ असे काहीतरी होते. डॉक्टर म्हणाले, “हा बदल झाला, की अगदी नेमानं घेतलेली गोळीसुद्धा चालत नाही.” मी मराठी विषय घेतलेली विद्यार्थिनी, मला त्यातले ओ का ठो कळेना. पण मनाला चुटपूट लागली होती. म्हणून वाचत गेले, विज्ञान शाखेच्या एका सरांना विचारत गेले.

या रोगाची पहिली खूण सापडली ती १९६० साली, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात. पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना रुग्णांच्या पेशींत एक खुजे गुणसूत्र दिसले. शिकागोच्या जॅनेट राउली घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांच्या छायाचित्रांचे तुकडे कापून जुळवीत बसत. ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपसात तुकड्यांची अदलाबदल केली आहे, हे १९७३ साली त्यांनी दाखवून दिले. या सांधणीतून एक विकृत प्रथिन तयार होते आणि ते पेशींना ‘वाढा, वाढा’ असा एकच हुकूम देत राहते. इमॅटिनिब त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते आणि त्याचे तोंड बंद करते. ब्रायन ड्रुकर यांच्या चाचणीचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक औषध घेतलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले होते. जगभर आनंदीआनंद झाला.

मला विशेष वाटले ते लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातल्या चार्ल्स सॉयर्स यांच्या चमूचे. याच २००१ साली हा चमू ज्यांचा रोग उलटला त्यांच्याकडे पाहत होता. आजार बळावलेल्या काहींना औषधाने आधी गुण येई आणि मग ते पुन्हा ढासळत. चमूने प्रथम पाहिले, की हा नवा शत्रू आहे की जुनाच? तर जुनाच, ते प्रथिन पुन्हा कामाला लागले होते. मग त्यांनी त्याची संहिता अक्षर न् अक्षर वाचली. तपासलेल्या ९ रुग्णांपैकी ६ जणांत एकच बदल आढळला. ३१५व्या जागी थ्रिओनिन हवे, तेथे आयसोल्युसिन आले होते. जनुकात ‘ए-सी-टी’चे ‘ए-टी-टी’ झाले होते. बस्स, एवढेच! औषध ज्या थ्रिओनिनला धरून बसायचे तो आधारच गेला, आणि नव्या पाहुण्याने जागाही अडवली.

हे वाचले आणि मला शनिवारवाडा आठवला. राघोबादादांच्या पत्रात ‘नारायणरावांस धरावे’ असे होते, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि १७७३ साली पेशव्यांचा खून झाला, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहास काहीही म्हणो, एका अक्षराने घात होतो हे मराठी माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

पण एक मोठा फरक आहे. रक्तात कुणी आनंदीबाई नसते. कोट्यवधी पेशींच्या नकला होत असतात. एखादीत चुकून अक्षर बदलते. औषध बाकीच्या पेशी मारते आणि त्या एकीला मोकळे रान मिळते. यात डाव नाही, दावेदार नाही. आम्ही मात्र घात झाला म्हणताच आनंदीबाई शोधायला निघालो, आणि ती ठरवली अप्पांना!

चुकलेले अक्षर सापडले म्हणून पुढची वाट सापडली. २००६ आणि २००७ साली दोन नवी औषधे आली. ती अनेक बदलांवर चालली, पण ३१५व्या जागेपुढे हरली. त्या बदलावरही चालणारे पोनॅटिनिब अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाले. अप्पांना आता तेच चालू आहे. त्याने रक्तवाहिन्यांना धोका संभवतो, म्हणून वहीत ‘रक्तदाब’ हा रकाना वाढला आहे. पुढे काय होईल, ते दर तपासणीला कळेल तेवढेच.

एका रात्री अप्पांजवळ बसून मी हे सारे सांगितले आणि म्हणाले, “अप्पा, माझं चुकलं.” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “ते सहा जण होते ना, त्यांना ही गोळी मिळाली का गं?”

“नाही अप्पा. ही गोळी यायला पुढं अकरा वर्षं लागली.”

“म्हणजे रक्त त्यांनी दिलं, आणि गोळी मी खातोय.”

अप्पांनी गोळी घेतली, वही उघडली आणि खूण केली. मी त्या वहीत डोकावले नाही.