परतीची पहिली गाडी

वाचकहो, दिवेलागणीच्या सुमारास घरातील एखादी वृद्ध व्यक्ती अस्वस्थ होऊन दाराशी उभी राहते, पिशवी भरू लागते, ‘गाडी चुकेल’ म्हणून तगमग करते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. अशा वेळी आपण समजावतो, ‘कुठेही जायचे नाही, आपण घरीच आहोत.’ ते ऐकून तगमग शमत नाही, पुष्कळदा वाढते. आज मी आपल्याला अशाच एका गाडीविषयी सांगणार आहे. त्या गाडीतून मीही प्रवास केला होता. तरीही ती ओळखायला मला, डॉक्टर असूनही, चार महिने लागले.

पेण तालुक्याच्या खारेपाटात माझे बालपण गेले. खाडीच्या पाण्याला अडवणारे बांध, त्यांच्या आत भाताची शेते आणि भातकापणीनंतर त्याच शेतांत आखली जाणारी कबड्डीची मैदाने, असा तो मुलूख. कुलाब्याचा रायगड जिल्हा १९८१ साली झाला. मी सांगतो आहे तो काळ त्यानंतरच्या चार-सहा वर्षांचा. दूरचित्रवाणीवरील क्रिकेट तेव्हा घरोघरी पोहोचू लागले होते, पण आमच्याकडे गावाची इभ्रत ठरे ती कबड्डीच्या रिंगणात. कबड्डीला एक शिस्तबद्ध खेळ म्हणून उभे करण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत हा खेळ प्रथमच पदकासाठी खेळला गेला आणि भारताने सुवर्णपदक मिळवले, तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले गेले. जणू ती चढाई आमच्याच शेतातून झाली होती!

आमच्या संघाचे सात खेळाडू मैदानात आणि पाच राखीव, असे बारा जण. तेरावा मी. अंगाने काडी, वय पंधरा-सोळा. खेळात मला कोण घेणार? माझ्याकडे होती खाकी कापडाची पिशवी. तिच्यात गुडघ्यांच्या पट्ट्या, खोबरेल तेलाची बाटली, हळदीची पुडी, तुरटीचा खडा, जुन्या धोतराच्या फाडलेल्या चिंध्या आणि मीठ-साखरेची पुरचुंडी. कुणाचे ढोपर फुटले की मी धावत असे. माझ्या वैद्यकीचा श्रीगणेशा त्या पिशवीतून झाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कर्णधाराला आम्ही सारे ‘दादा’ म्हणत असू. ते डाव्या कोपऱ्यात खेळत. त्यांच्या हाती घोटा सापडला की चढाईपटू मध्यरेषेपर्यंत क्वचितच परते. पण मला त्यांची आठवण राहिली ती प्रवासामुळे.

सामने रोह्याच्या बाजूला असले की आमचा उत्साह दुणावे. पेणहून एसटीने निघायचे. वडखळचा नाका मागे पडला की गडब, कासू अशी गावे ओलांडत गाडी अंबा नदीकाठच्या नागोठण्याला पोहोचे. तेथून रोह्याकडे वळले की भिसे खिंडीची वळणे सुरू होत. दोन्ही बाजूंचे जंगल काळवंडत आलेले, गिअर बदलताना गाडीची धाप, खिडक्यांच्या काचांचा खडखडाट आणि मागच्या बाकावर आमची गाणी. खिंड उतरली की हवेत गारवा जाणवे. मग अष्टमी, कुंडलिकेवरचा पूल आणि पलीकडे रोहे. मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत येते, म्हणून आमच्याकडचे ओढे आटले तरी ही नदी वाहती असे. पुलावरून तिच्याकडे पाहताना आम्हा खाऱ्या पाण्याच्या पोरांना तिचा हेवा वाटे.

सामने रात्री नऊ-दहाला सुरू होत आणि पहाटेपर्यंत चालत. यजमान गाव जेवू घाली: तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, कधी सुकटीचे कालवण. थंडीत पोपटी लागे. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, वर पुन्हा पाला; मडके उपडे घालून भोवती जाळ. त्या पाल्याचा उग्र-गोड वास आजही मला कुठल्याही औषधापेक्षा लवकर तरतरी देतो.

परतायचे ते मात्र वस्तीच्या गाडीने. आजच्या तरुण वाचकांसाठी सांगतो: रात्रीची शेवटची एसटी खेड्यात मुक्कामाला येई, चालक-वाहक तेथेच झोपत आणि तीच गाडी पहाटे पहिली म्हणून सुटे. ती चुकली की दोन-तीन तास दुसरी नसे. गाडीच्या दाराशी दादा उभे राहत आणि एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून मोजत. तेरा भरले की स्वतः चढत.

१९८७ च्या हिवाळ्यात रोह्याजवळच्या एका गावी आम्ही एका गुणाने हरलो. मी पिशवी उशाला घेऊन पेंढ्याच्या उडवीआड झोपी गेलो होतो. पहाटे गाडी सुरू झाली. दादांनी मोजले, बारा भरले. वाहकाने घंटी दिली, खेळाडू कुरकुरले, पण दादांनी सगळ्यांना खाली उतरवले. गाडी निघून गेली. मला शोधून जागे केले तेव्हा मी रडवेला झालो होतो. दादा एवढेच म्हणाले, ‘तेरा आणले, तेरा नेणार.’ त्या दिवशी आम्ही उन्हे वर आल्यावर दुसऱ्या गाडीने परतलो. पुढे मी वैद्यकीय शिक्षणासाठी गाव सोडले आणि पिशवी दुसऱ्याच्या हाती गेली.

आज दादा बहात्तर वर्षांचे आहेत आणि माझे रुग्ण आहेत. त्यांच्या कुटुंबाच्या परवानगीने, नाव न देता, पुढचे लिहितो आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. गेल्या पावसाळ्यापासून संध्याकाळ झाली की ते येरझारा घालू लागले. दार उघडायला जात, ‘गारी आयली का रं?’ असे खारेपाटी बोलीत विचारत आणि पुनःपुन्हा पुटपुटत, ‘बारा... बारा...’. घरच्यांना वाटे, त्यांना बारा वाजल्यासारखे वाटते आहे. सूनबाई घड्याळ दाखवून सांगत, ‘बाबा, आता कुठे सात वाजलेत.’ ते चिडत, हात झिडकारत. सूनबाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली होती.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. मी पाच मिनिटांत ऐकून घेतले आणि झोपेची गोळी लिहून दिली. अशा गोळ्यांनी वृद्धांमध्ये तोल जाण्याचा आणि पडण्याचा धोका वाढतो, हे मला ठाऊक होते, तरीही लिहिली. चौथ्या रात्री दादा लघवीला उठले आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले. खुब्याचे हाड वाचले, पण कपाळाला चार टाके पडले. ज्या माणसाने माझ्यासाठी गाडी सोडली, त्याला मी पाच मिनिटेही दिली नव्हती.

ती गोळी मी टप्प्याटप्प्याने बंद केली आणि आरंभीच करायला हवी होती ती तपासणी केली: लघवीतील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, अंगदुखी, पाणी कमी पिणे, ऐकू येणे, दिसणे. बद्धकोष्ठ होते, गुडघे दुखत होते; त्यांवर उपचार सुरू केले. मग एका संध्याकाळी त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो. सात वाजले. दादा उठले, दाराशी गेले आणि हवेत एकेका अदृश्य खांद्यावर हात ठेवू लागले. अकरा, बारा. हात तसाच थांबला. चेहऱ्यावर काळजी दाटली. ‘बारा... एक राहिला.’

माझ्या अंगावर काटा आला. त्यांना कुठे जायचे नव्हते; मागे राहिलेल्याला टाकून ते निघू शकत नव्हते. मी उठून जवळ गेलो आणि म्हणालो, ‘दादा, मी आलो. पिशवी माझ्याकडं आहे.’ त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर पाहिले, ‘तेरा’ म्हणाले आणि येऊन खुर्चीत बसले. मला ते ओळखत होते का, हे मी सांगू शकत नाही. हिशेब मात्र जुळला होता.

दर संध्याकाळी हे साधते असे नाही. पण घरच्यांनी घड्याळ दाखवणे सोडले. आता सूनबाई विचारतात, ‘कोण राहिलं, बाबा? सामना कुठं होता?’ आणि ते सांगू लागतात. नातू ऐकतो. पुष्कळदा सांगता सांगताच जेवणाची वेळ होते.

जानेवारीत आम्ही त्यांना रोह्याला नेले. मुलगा, सूनबाई, दादा आणि गाडी चालवायला मी. सकाळी नऊला निघालो, कारण संध्याकाळच्या आत परतायचे होते. रुंदावलेल्या महामार्गावर त्यांना काहीच ओळखू येत नव्हते. भिसे खिंडीच्या पहिल्या वळणावर मात्र त्यांनी पुढच्या आसनाची पाठ घट्ट धरली आणि गुणगुणू लागले. कुंडलिकेच्या काठी आम्ही घरून नेलेली भाकरी आणि बिरडे खाल्ले. ज्या शेतात सामना हरलो होतो तेथे आता घरे आहेत. त्यांना ती जागा आठवली नाही. मला वाईट वाटले, त्यांना वाटले नाही. परत निघताना ते गाडीच्या दाराशी थांबले, एकेकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘चार.’ मग आत बसले आणि नागोठणे येईपर्यंत शांत झोपले.

वाचकहो, स्मृतिभ्रंशात अलीकडचे आधी पुसले जाते आणि तारुण्यातले पुष्कळ काळ टिकते. संध्याकाळच्या तगमगीत बरेचदा त्या टिकलेल्या काळातील एखादी जबाबदारी असते: गुरे आणायची, मुलांना शाळेतून घ्यायचे, पाळी चुकवायची नाही. म्हणून खोडून काढण्याआधी विचारा, ‘कुठे निघालात? कोण येणार आहे?’ संध्याकाळ होण्यापूर्वीच घरात दिवे लावा. दुपारची झोप थोडकी असू द्या, उशिराचा चहा टाळा. खिशात नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. तगमग एकाएकी वाढली तर आधी शरीराची तपासणी करून घ्या. झोपेची गोळी मागू नका आणि चालू असलेली स्वतःहून एकदम बंदही करू नका. जुन्या वाटेवर न्यायचे असेल तर जवळचे ठिकाण निवडा, दर तासाला थांबा, पाणी आणि ओळखीचे अन्न बरोबर घ्या. जागा ओळखली पाहिजे, असा हट्ट धरू नका.

आणि रुग्णाची काळजी घेणाऱ्या सूनबाईंना, मुलांना, सोबतिणींना एक सांगणे. आठवड्यातून एक संध्याकाळ ती जबाबदारी दुसऱ्या कुणावर सोपवा. आमच्या दादांकडे गुरुवारची संध्याकाळ आता माझी आहे. सातच्या सुमारास मी जातो, ते मोजतात आणि मी तेराव्या जागी उभा राहतो.