बॅकअपचा टॅब गेला कुठे?

व्हीएमवेअरवर काम करणाऱ्या मंडळींना एन्हान्स्ड लिंक्ड मोड काही नवा नाही. २०१५ साली व्हीस्फिअर ६.० बरोबर आला. वेगवेगळ्या गावांतले व्हीसेंटर एका साइन-ऑन डोमेनमध्ये जोडायचे, कुठल्याही एकावर लॉगिन करायचं, की डावीकडे सगळ्यांची झाडं एकाखाली एक. मॅनेजरला दाखवायला तर फारच भारी प्रकार! :)

पण जोडलं काय जातं? रोल्स, परवानग्या, लायसन्स, टॅग्ज. प्लग-इन नाही. त्याची नोंद ज्या-त्या व्हीसेंटरच्या आपापल्या यादीत असते, आणि ती यादी शेजाऱ्याकडे जात नाही.

आमच्या एका क्लायंटचे असे तीन व्हीसेंटर आहेत, पुणे, नवी मुंबई आणि नागपूर. नागपूरचा सगळ्यात शेवटी जोडलेला. मागच्या दिवाळीत मी जवाहरनगरला घरी होतो, ऑन-कॉल अर्थातच माझ्याच गळ्यात. रात्री टीममधल्या नव्या पोराचा फोन.

"दादा, पुण्याच्या व्हीएमवर बॅकअपचा टॅब दिसतोय, नागपूरच्यावर दिसतच नाही. ब्राउझरची कॅश उडवू का?"

बाबा आयुध निर्माणीतून रिटायर झालेत. बाजूलाच बसले होते, विचारलं काय झालं. मी सांगितलं सोपं करून. ते म्हणाले, "गेटवरच्या रजिस्टरात नाव नसंल तर आत कोन सोडंल बाप्पा?" झालं, दोन तासांच्या ट्रेनिंगमध्ये मला कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

जुन्या लोकांचा गोंधळ होतो तो वेगळ्या कारणाने. पूर्वीचे लोकल प्लग-इन क्लायंटच्या आतच चालायचे, त्यामुळे एका ठिकाणी नोंद केली तरी जोडलेल्या बाकीच्यांवरही त्यांचे व्ह्यू उगवायचे, मागचा सर्व्हर त्यांना ओळखत असो वा नसो. ८.० मध्ये हे लोकल प्रकरण बंदच झालं. आता रिमोट प्लग-इन. ते स्वतःच्या सर्व्हरवर राहतात, क्लायंट त्यांचं पान नुसतं आयफ्रेममध्ये दाखवतो, आणि टॅब किंवा राइट-क्लिकचा मेनू फक्त नोंद असलेल्या व्हीसेंटरच्या वस्तूंवरच येतो. मला हेच जास्त प्रामाणिक वाटतं. फक्त एक गोची आहे. "इथे नोंद नाही" असं क्लायंट कुठेच म्हणत नाही, टॅब गुपचूप गायब असतो.

आणि त्या रात्री खरं दुखणं टॅबचं नव्हतंच. क्लायंटकडचे लोक बॅकअपचे जॉब त्याच राइट-क्लिक मेनूतून लावायचे. नागपूरला मेनूच नाही, म्हणजे जॉबही नाही. चार सर्व्हर, त्यातला एक पगाराचा, जोडल्यापासून एकदाही बॅकअप न घेता निवांत चालू! रोजचा रिपोर्ट मात्र हिरवागार, कारण त्यात जे जॉब आहेत त्यांचाच हिशोब.

आधी बॅकअप सर्व्हरला नागपूर दाखवलं, जॉब लावले, मग प्लग-इनची नोंद केली. पहिला फुल बॅकअप उजाडेपर्यंत चालला.

तुमच्याकडे लिंक्ड मोड असेल तर अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये क्लायंट प्लग-इन्सचं पान उघडा. कुठलं प्लग-इन कुठल्या व्हीसेंटरवर, कुठल्या व्हर्जनचं, सगळं तिथे दिसतं. आम्ही आता नवा व्हीसेंटर जोडला की आधी तेच पान बघतो, आणि बॅकअपचा रिपोर्ट जॉबच्या यादीशी नाही, व्हीएमच्या यादीशी ताडतो. क्लायंटने यासाठी वेगळे तास द्यायला नकार दिलाय, ते भांडण अजून चालू आहे.