एकट्याने राजमाची

बृहदारण्यकाच्या पहिल्या अध्यायात एक मौजेची कथा आहे. आरंभी आत्मा एकटाच होता. त्यास भय वाटले. मग त्याने विचार केला की, आपणावाचून दुसरे कोणी नसता भ्यावे तरी कोणास? आणि भय गेले. परंतु श्रुती येथेच थांबत नाही. भय गेले तरी एकट्यास करमेना, असे ती लागलीच पुढे सांगते. विद्यार्थिदशेत आम्ही हे सारे निमूटपणे मान्य केले होते. गेल्या मार्गशीर्षात लोणावळ्याहून राजमाचीस एकटेच चालत गेल्यापासून मात्र या दोन्ही विधानांविषयी चार शब्द बोलावेसे वाटू लागले आहे.

ज्या स्नेह्यांबरोबर आम्ही तीस वर्षे सह्याद्रीच्या वाटा तुडविल्या, ते दोन वर्षांपूर्वी निवर्तले. घरची तरुण मंडळी आपापल्या उद्योगात. तेव्हा चालणे सोडावे, नाही तर एकट्याने निघावे, असे दोनच मार्ग उरले. "नाना, या वयात पाय मुरगळला तर जवळ कोण आहे?" हा सूनबाईंचा प्रश्न काही खोटा नव्हता. म्हणून वाट रुळलेली निवडली, ऋतू कोरडा निवडला, मुक्कामाच्या घरी आगाऊ कळविले. आणि कोणत्या वेळेपर्यंत निरोप न आल्यास शोध करावा, हे घरी लिहून ठेवले. भ्रमणध्वनीस त्या रानात सर्वत्र संपर्क मिळतोच असे नाही.

तुंगार्लीवरून जाणारी ही वाट सुमारे १५ किलोमीटरांची. चढ फारसा नाही. जीपगाड्याही तीवरून जातात. तरी वस्ती मागे पडताच भय दत्त म्हणून पुढे उभे राहिले. उपनिषदातील युक्तिवाद मनाशी दोनदा घोळवून पाहिला. भय तसूभर हलेना! इतक्यात वाळल्या पाल्यात खसखस झाली. काठी सावरून पाहतो, तो सातभाईंचा थवा पाला उलथून किडे वेचीत होता. एकमेकांवर ओरडणे, रुसणे, पुन्हा जवळ येऊन बसणे, सारे यथासांग चालले होते. भर रानात एकत्र कुटुंबाचा हा देखावा पाहून आम्हांस मोठ्याने हसू आले, आणि आपलेच हसणे ऐकून भीड चेपली. पुढे प्रत्येक आवाजाशी थांबावयाचे, तो कोणाचा हे पाहावयाचे, मगच पाऊल टाकावयाचे, असा क्रम ठेवला. एकदा सरडा निघाला. एकदा करवंदीच्या जाळीमागून गाय निघाली. भय नेमके कोणत्या वळणावर मागे राहिले, ते कळलेही नाही.

आता करमण्याविषयी. स्नेह्यांबरोबर असता निम्मी वाट शाळेच्या गोष्टींतच सरे आणि रान दोहों बाजूंनी निघून जाई. या खेपेस डावीकडची उल्हास नदीची दरी आम्ही पोटभर पाहिली. राजमाचीस श्रीवर्धन व मनरंजन असे दोन बालेकिल्ले. मधल्या खिंडीत भैरवनाथ, खाली उधेवाडी. बोरघाटाच्या व्यापारी वाटेवर नजर ठेवणारे हे ठाणे १६५७ साली शिवाजीमहाराजांकडे आले आणि १८१८ साली इंग्रजांच्या हाती पडले, हे वर्गात कितीदा तरी सांगितले असेल. परंतु श्रीवर्धनाच्या दुहेरी तटाच्या बुरुजावर तासभर बसल्यावर, येथे पहारा करणाऱ्याचे काम काय असेल, हे प्रथमच ध्यानात आले: बोलावयाचे नाही, नुसते पाहत राहावयाचे. स्नेही असते तर त्या बुरुजाच्या बांधणीवरून त्यांनी आमच्याशी खासच वाद घातला असता. तो वाद आम्ही दोन्ही बाजूंनी मनाशीच घातला, आणि जय त्यांना दिला.

रात्री उधेवाडीत जेवावयास बसलो असता घरधनिणीने विचारले, "एकलेच आलात, बाबा?" होय म्हणताच तिने न विचारता ताटात आणखी एक भाकरी टाकली. सकाळी एक जीप लोणावळ्यास निघाली होती. चालकाने बसण्याचा पुष्कळ आग्रह केला. त्याचे आभार मानून आम्ही काठी उचलली. सातभाई आज कोठे उतरले आहेत, ते पाहावयाचे होते.