चढणीचा मासा

परवा निपाणीत पहिला दणक्याचा पाऊस झाला. सकाळी बाजारात एक बाई पाटी घेऊन बसली होती, "चढणीचं हाय, ताजं हाय, घ्या की!" पिशवी हातात होती, पैसे खिशात होते. तरी मी घेतलं नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, "लिहून टाका एकदाचं." म्हणून लिहितोय. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आमचं गाव वेदगंगेच्या काठावर. नदी उगवते भुदरगडच्या डोंगरात, पाटगावचं धरण, गारगोटी, मुरगूड करत आमच्याकडं येते आणि पुढं दूधगंगेला मिळते. मधेच कुठंतरी महाराष्ट्र संपून कर्नाटक लागतं. ते आम्हाला 1956 पासून ठाऊक आहे, माशांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

आण्णा, म्हणजे माझे वडील, तंबाखूच्या वखारीत कामाला. आई विड्या वळायची. घरात सात तोंडं. आण्णांना नाद एकच, गळाचा. वेळवाची काठी, दोऱ्यावर तरंगायला मोरपिसाच्या देठाचा तुकडा, गळाला गांडूळ. रविवारी बांधाच्या सावलीला तासन् तास बसायचे. मरळ लागली तर घरात सण, नाही लागली तरी माणूस खुशीत परत यायचा.

पण जूनमधली चढण वेगळी. जत्राट-भिवशीचा पूल पाण्याखाली जायच्या आधी, पहिल्या गढूळ पाण्याला नदीतले मासे उलटे फिरतात. ओढ्यात शिरतात, तिथनं शेतातल्या उथळ पाण्यात. अंडी घालायला. शिंगटा, वाम, पांढरी बारीक मासळी, पोटं टम्म फुगलेली. सगळं गाव बुट्ट्या, पोती, जुनी लुगडी घेऊन ओढ्यावर. अंधारात कंदील आणि आरडाओरडा. आण्णाही जायचे. उपाशी घराला सोवळं परवडत नाही. पण त्यांचा एक नेम होता. ओढ्याला आडवं काहीही लावलं तरी अर्धा ओढा मोकळा सोडायचा. म्हणायचे, "अर्धं आपलं, अर्धं तिचं. वर गेलेलीच पुढल्या साली खाली येतीया."

1978 साली मी एस.एस.एल.सी. पास झालो. कॉलेजच्या फीला पैसे नव्हते. त्या जूनमध्ये आम्ही चार पोरांनी रात्री ओढ्याचं तोंड या काठापासून त्या काठापर्यंत जाळ्यानं बंद केलं. खाली दगड रचले, एक बोट फट ठेवली नाही. पहाटेपर्यंत चार पोती भरली. निपाणीला नेऊन विकली. माझ्या वाटणीत फी भागली, वर चपला आल्या.

आण्णांना कळलं. बोलले काहीच नाहीत. सकाळी ओढ्यावर गेले, आम्ही रचलेले दगड एकेक करून बाजूला काढले, परत आले आणि वखारीला गेले. त्यानंतर गळाला मला कधी बरोबर नेलं नाही. चढणीला तर ते स्वतःही पुन्हा गेले नाहीत.

हे सगळं मी विसरलो होतो म्हणा, किंवा विसरल्यासारखं केलं होतं. आठवलं ते सातासमुद्रापार.

मुलगा सिएटलला नोकरीला. दोन वर्षांमागं सप्टेंबरात आम्ही दोघं तिकडं होतो. एका पहाटे तो म्हणाला, "बाबा, चला, गळाला जाऊ." त्याच्या मित्राची मोटारबोट. तिथं समुद्राचा फाटा जमिनीत आत घुसलाय, प्युजेट साउंड म्हणतात. काठी धरून बसायचं नाही, बोट अगदी हळू चालत ठेवायची आणि दोरा मागनं ओढत न्यायचा. ट्रोलिंग म्हणतात त्याला. दोरा खोल जावा म्हणून नारळाएवढा शिशाचा गोळा तारेला टांगलेला. गळाच्या पुढं एक चकचकीत पट्टी गिरक्या घेते, मासा त्या चमकेला भुलतो. गांडूळ नाही, रबराचं माखलं.

मासा होता कोहो, सामन जातीतला. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि बहुतेक तिसऱ्या वर्षी वासावरनं आपलीच नदी शोधत परत येतो. प्रवाहाला उलटा चढतो, अंडी घालतो आणि मरतो. म्हणजे चढणीचाच की हो!

उजाडता उजाडता काठी वाकली. मुलानं दहा मिनिटं झुंजून मासा बोटीजवळ आणला. चांदीसारखा, हातभर लांब. मी ओरडलो, "घे, घे आत!" त्यानं वाकून पाठीकडं पाहिलं आणि चिमट्यानं गळ पाण्यातच सोडवला. तिथल्या गळाला उलटा काटा नसतो, झटक्यात सुटतो. मासा एक शेपूट मारून गेला.

"आरं लेका, सोडलास कशाला?"

"बाबा, शेपटीच्या अलीकडं बारका पर होता. हौदात वाढवलेल्या पिल्लांचा तो पर कापून सोडतात. पर नसेल तर ठेवायचा. असला, तर तो नदीचा स्वतःचा. त्याला बोटीतसुद्धा घ्यायचं नाही."

तिकडचे लोक साधुसंत आहेत असं नाही. धरणं बांधून, जंगलं तोडून त्यांनी नद्यांची वाट लावली, म्हणून तर हौद बांधायची पाळी आली. पण मला दिसत होते ते आण्णा, गुडघाभर पाण्यात दगड उचलणारे. त्यांच्या हातात ना परवाना, ना नियमांचं पुस्तक. घरी सात तोंडं.

बोटीतच मुलाला सगळं सांगितलं, पहिल्यांदा. तो म्हणाला, "आजोबांनी मारलं नाही तुम्हाला?"

म्हटलं, "नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं."

नंतर पर कापलेले दोन मिळाले. बायकोनं निपाणीहून नेलेल्या कांदा-लसूण चटणीत कालवण केलं. मांस नारिंगी, तेलकट. चव परकी, रस्सा आपला.

परवा बाजारातनं तसाच ओढ्यावर गेलो. आमच्या एका रात्रीनं ओढा संपला असं नाही. बंधारे आले, पाणी घाण झालं, चिलापी माजली. पण आम्हीही होतोच त्यात. तोंडाला जाळं होतं, या काठापासून त्या काठापर्यंत. पोरांना म्हटलं, "अर्धं मोकळं ठेवा रं." एकजण हसला, "मामा, तुमच्या टायमाला तुमी किती धरलासा?"

म्हटलं, "चार पोती. तेच सांगाय आलोय."

हसणं थांबलं. एकानं एक खुंटी उपटली, जाळं निम्म्यावर ओढून बांधलं. मी वळल्यावर परत लावलंही असेल. पण मी उभा होतो तेवढ्यात काहीतरी वर गेलं, गढूळ पाण्यात पाठ हललेली मी पाहिली.

तुमच्या गावात होता का कुणाचा असा नेम? आज्जाचा, आण्णाचा, कुणाचाही. असेल तर खाली लिहा.