सावरण्याचें शास्त्र

आमचा व्यवसाय काय, असें कोणी पुसलें म्हणजे आमची मोठी पंचाईत होते. विद्यापीठांत संशोधन करतों, एवढें सांगून भागत नाहीं; कशाचें, हा प्रश्न पाठोपाठ येतोच. आमच्या विषयास इंग्रजींत 'सायबर रेझिलियन्स' असें भारदस्त नांव आहे. त्यांतला पहिला शब्द ऐकतांच शेजारचे गृहस्थ आपला बिघडलेला मोबाईल पुढें करतात, आणि दुसरा कोणी ऐकूनच घेत नाहीं. वास्तविक 'सायबर' शब्दाचें कुळ चांगलें आहे. नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञानें १९४८ सालीं आपल्या नव्या शास्त्राचें बारसें करतांना ग्रीक भाषेंतला सुकाणूं धरणारा नावाडी निवडला. आपल्याकडे त्याला 'कर्णधार' हा शब्द तयारच होता. खरी अडचण दुसऱ्या शब्दाची. 'लवचिकता' म्हणावें तर वेताची छडी डोळ्यांपुढें येते, 'स्थितिस्थापकत्व' म्हणावें तर रबर आठवतें. आम्ही आपला घरगुती शब्द वापरतों: सावरणें. पाय घसरूं नये म्हणून जपणें हें सुरक्षेचें काम. घसरलाच तर हातपाय मोडून न घेतां उठतां यावें, आणि तोंवर डोक्यावरची घागर अगदींच रिकामी होऊं नये, हें आमचें.

घागर म्हणजे शहराचें पाणी, वीज, इस्पितळांतलीं यंत्रें, बंदरांतली मालाची चढउतार. हीं सर्व आज संगणकांच्या जाळ्यानें एकमेकांशीं बांधलेलीं आहेत, आणि येथला धागा ओढला असतां तिकडे काय उसवेल हें जाळें विणणाऱ्यासही सांगतां येत नाहीं. या विषयांत पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आम्ही प्रथम युक्रेनची हकीकत ऐकवितों. २३ डिसेंबर २०१५ रोजीं तेथील तीन वीजवितरण कंपन्यांच्या नियंत्रणकक्षांचा ताबा परक्यांनीं दुरून घेतला. चोरपावलांनीं ते आंत शिरले होते कित्येक महिने आधीं. साध्या दिसणाऱ्या ई-मेलसोबत आलेला एक कागद कोणीं तरी उघडला, एवढेंच त्याला निमित्त. त्या दिवशीं पडद्यावरचा बाण आपोआप हिंडूं लागला, आणि समोर बसलेल्या माणसाच्या देखत एकेका उपकेंद्राची वीज तोडूं लागला. सुमारें सव्वादोन लाख ग्राहक अंधारांत गेले. जातां जातां हल्लेखोरांनीं संगणकांतली माहिती पुसली, उपकेंद्रांशीं बोलणारीं उपकरणें निकामी केलीं, आणि तक्रार करणाऱ्यांचे फोन लागूं नयेत याचीही तजवीज केली. इतकें होऊनही वीज कांहीं तासांतच परत आली. माणसें गाड्यांत बसून उपकेंद्रांवर गेलीं आणि त्यांनीं हातानें खटके ओढले! तेथें हातानें चालविण्याची सोय शिल्लक होती, आणि ती चालवूं जाणणारीं माणसेंही शिल्लक होतीं. तीं नसतीं तर काय झालें असतें, हा प्रश्न आम्ही वर्गांत टाकतों आणि तास तेथेंच संपवितों.

पुढें २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नांवाचा संगणकी विषाणु त्याच देशांतून निघून जगभर पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचा जहाजी व्यवहार त्यानें ठप्प केला, आणि त्याची झळ आपल्या उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरांतील एका टर्मिनलपर्यंत पोंचली. कंपनीनें दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानें उभे केले. त्या कामीं अत्यावश्यक असलेली एक नोंदवही जगांतल्या साऱ्या कचेऱ्यांतून पुसली गेली होती. ती सांपडली घाना देशांतल्या एका संगणकावर. तेथें ऐन वेळीं वीज गेलेली असल्यामुळें तो जाळ्यापासून तुटला होता, असें पुढें प्रसिद्ध झालें. वीज गेल्याबद्दल कोणीं देवाचे आभार मानल्याचें दुसरें उदाहरण आमच्या ऐकिवांत नाहीं.

नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अॅल्युमिनियम कंपनीवर १९ मार्च २०१९ रोजीं खंडणीखोरांनीं घाला घातला. तिनें खंडणी दिली नाहीं. कारखाने जमेल तेथें हातानें चालविले. निवृत्त झालेलीं माणसें जुनी रीत दाखविण्यास परत आलीं. शिवाय घडलें तें तिनें उघडपणें जगास सांगितलें, आणि ही शेवटची गोष्ट आम्हांला सर्वांत दुर्मिळ वाटते. वैद्याला निदान रोगी तरी भेटतो. आम्हांला रोग्याच्या घरचे लोक 'आमच्याकडे सगळें खुशाल आहे' असें सांगून दारांतूनच परत पाठवितात.

म्हणून आम्ही प्रयोगशाळेंत लुटुपुटीचें शहर मांडून बसतों. दोन टाक्या, तीन पंप, चार-पांच नियंत्रक यंत्रें. सकाळीं आम्हीच त्यावर हल्ला करावा आणि संध्याकाळपर्यंत आम्हीच तें सावरावें, असा हा खेळ आहे. खऱ्या माणसांच्या पाण्याशीं असा खेळ करण्याचा अधिकार कोणालाच नाहीं, हें उघड आहे. पण आमच्या त्या शहरांत रात्रपाळीचा माणूस नाहीं.

तो आम्हांला भेटला एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याची पाहणी करतांना. नवी यंत्रणा नुकतीच बसली होती आणि मोठ्या पडद्यावर सर्व टाक्यांच्या पातळ्या दिसत होत्या. आम्ही तारीफ करीत असतां मागें उभे असलेले चावीवाले काका म्हणाले, "पडद्यावर पाणी आहे साहेब, टाकींत नाहीं." पातळी मोजणारें यंत्र अडकून बसलें होतें. काकांनीं तें टाकीवर न चढतां, नळाला कान लावून ओळखलें होतें. त्यांत कोणा हल्लेखोराचा हात नव्हता. पण हल्लेखोर करतो तें नेमकें हेंच. २०१० सालीं उघडकीस आलेल्या स्टक्सनेटनें इराणांत नतान्झ येथें यंत्रांची नासधूस चालविली, तेव्हां पडद्यावर मात्र सारें आलबेल दिसत होतें. तेथें नळाला कान लावणारा कोणी होता कीं काय, कोण जाणे.

आमच्या अहवालांत आम्ही लिहिलें कीं, चावीवाल्यांचीं रिकामीं पदें भरावींत, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह वर्षांतून एकदां तरी हातानें फिरवून पाहावा. अनुदान देणाऱ्यांकडून पृच्छा आली: यांत तंत्रज्ञान कोठें आहे? विद्यापीठांत मोजदाद छापलेल्या निबंधांची होते, आणि व्हॉल्व्ह फिरवून पाहण्यावरचा निबंध कोणी छापीत नाहीं. काटकसरीच्या हिशेबीं जादा पंप, जादा माणूस, कागदाची वही हा सारा अपव्यय ठरतो. आम्ही त्यांची बाजू घेतों म्हणून आम्हांला जुन्याचे अभिमानी म्हणतात. तसे आम्ही मुळींच नाहीं. संगणक नसते तर आमची भाकरी कोठून आली असती? शिवाय हाताला मर्यादा आहे. १९ जुलै २०२४ ला एका सदोष अपडेटमुळें जगांतले सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले, आणि आपल्या विमानतळांवर हातानें लिहिलेले बोर्डिंग पास वांटले गेले. त्या दिवशींच्या रांगांत जे उभे होते त्यांना ती मर्यादा चांगली ठाऊक आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पंपाचें आयुष्य मोजतां तशी माहितगार माणसाच्या निवृत्तीची तारीखही त्याच तक्त्यांत मांडावी. दोन वर्षें झालीं, तो रकाना अजून मंजूर झालेला नाहीं.

आमच्या एका विद्यार्थिनीनें मात्र मंजुरीची वाट पाहिली नाहीं. दर गुरुवारीं ती काकांबरोबर गांवभर हिंडते, आणि कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवावा, कोणता उलटा बसविला आहे, कोणत्या चेंबरांत पावसाळ्यांत साप निघतो, हें टिपून घेते. हें तिच्या प्रबंधाच्या कोणत्या प्रकरणांत बसवावें, हा पेंच आमच्यापुढें आहे. पहिल्याच दिवशीं काका तिला म्हणाले, "ताई, नुसतें लिहून काय होणार? चावी हातांत घ्या." तेव्हांपासून चावी ती फिरविते आणि वही काका धरतात. व्हॉल्व्ह एकंदर २१२ आहेत. गेल्या गुरुवारपर्यंत ८६ झाले. काका मार्चअखेर निवृत्त होतात.